पोर्टिंग केलेल्या चेनसॉचा पिस्टन पुन्हा पुन्हा का जातो? आधी सिलिंडरची उंची, मग ग्राइंडर

सिलिंडरवर काम केलं, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायू आत-बाहेर नेणारी तोंडं) मोठे केले, सिलिंडरच्या तळाखालचं बेस गॅस्केट काढून टाकलं. पहिल्या टाकीला चेनसॉ असा धावतो की हातात तेच यंत्र आहे यावर विश्वास बसत नाही. दुसरी टाकीही छान जाते. तिसऱ्या किंवा चौथ्या टाकीच्या मध्यावर, लाकडात असतानाच, जोर ओसरतो. आवाज जड होतो आणि रेस सोडली की इंजिन बंद पडतं. दोरी ओढावी तर ती हलकी जाते, कॉम्प्रेशनच लागत नाही. मफलर काढून आत पाहिलं की पिस्टनच्या एक्झॉस्ट बाजूला वरपासून खालपर्यंत उभे चरे दिसतात. मग नवा पिस्टन, नवी रिंग, आणि काही टाक्यांनी पुन्हा हेच.

माझे यात दोन पिस्टन पूर्ण गेले आणि तिसरा जाता जाता वाचला. इंजिन ४६ मिमी बोअर आणि ३४ मिमी स्ट्रोकचं, म्हणजे साधारण ५६ सीसी. तीन वेळा कारणं वेगवेगळी वाटली, पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली: मी काम उलट्या क्रमाने केलं होतं. आधी पोर्ट घासले आणि मग सिलिंडर खाली बसवला. मोजमापं सगळी घेतली होती, पण सिलिंडर जिथे शेवटी बसणार होता तिथली नव्हे. हे कळायला मला दोन पिस्टन लागले. तुम्हाला एकही लागू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

नवा पिस्टन मागवण्याआधी जुना नीट पाहा

खराब झालेला पिस्टन फेकून देऊ नका. काय बिघडलं याचा सगळ्यात खरा पुरावा तोच आहे. उन्हात किंवा चांगल्या दिव्याखाली धरा आणि चरे कोणत्या बाजूला आहेत ते आधी ठरवा.

चरे फक्त एक्झॉस्ट बाजूला असतील, तर पिस्टन तापला आणि तिथलं तेलाचं पातळ आवरण टिकलं नाही. मिक्श्चर लीन असणं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), कुठून तरी फुकटची हवा आत येणं, पेट्रोलमध्ये तेल कमी पडणं किंवा उष्णता बाहेर न जाणं, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. इनटेक बाजूचा स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) मातकट, राखाडी आणि घासून पातळ झालेला दिसला तर धूळ आत जाते आहे, म्हणजे एअर फिल्टर किंवा त्याची बैठक बघायची. चारही कोपऱ्यांवर पट्टे उमटले असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला. थंड इंजिनला एकदम पूर्ण रेस दिली की असं होतं. माथ्याच्या कडेला बारीक टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर ते डिटोनेशन (इंधन स्फोटासारखं पेटणं), म्हणजे कॉम्प्रेशन किंवा इग्निशनचा अ‍ॅडव्हान्स इंधनाला झेपत नाही. रिंगची खाच मोडली असेल किंवा रिंगचाच तुकडा पडला असेल, तर दोष बहुतेक पोर्टच्या रुंदीत किंवा न घासलेल्या धारेत असतो.

पिस्टनच्या आत, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) वरच्या भागातही बोट फिरवा. तिथे तेलकट तपकिरी थर असेल तर तेल पोहोचत होतं. कोरडं ठणठणीत असेल तर आधी कॅनमधलं मिश्रण तपासा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली तेल, ४०:१ म्हणजे २५ मिली. पोर्टिंग केलेल्या इंजिनाला मी ४०:१ देतो. एक लक्षात ठेवा: तेल वाढवलं की तेवढ्याच प्रवाहात पेट्रोल किंचित कमी होतं, त्यामुळे प्रमाण बदललं की कार्ब्युरेटर पुन्हा लावावा लागतो.

माझे दोन्ही पिस्टन एक्झॉस्ट बाजूलाच गेले होते. इनटेक बाजू स्वच्छ, आतून तेलकट. म्हणजे तेलाची आणि धुळीची शंका पहिल्याच दिवशी मिटली होती. तरीही मी घाईने नवा पिस्टन बसवला.

पहिला पिस्टन: रिच वाटत होतं, प्रत्यक्षात लीन होतं

पोर्ट मोठे झाले आणि मफलरचं तोंड उघडलं की इंजिन जास्त हवा ओढतं. जुन्या सेटिंगवर तेच मिक्श्चर लीन पडतं, म्हणून हाय जेटचा (पूर्ण रेसला पेट्रोल किती ते ठरवणारा) स्क्रू उघडावाच लागतो. हे मला माहीत होतं आणि मी उघडलाही होता. मी भरवसा ठेवला तो कानांवर. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर इंजिन गुरगुरतं, अडखळतं, म्हणजे मिक्श्चर रिच आहे, पेट्रोल जास्त आहे, आणि इंजिन सुरक्षित आहे, ही जुनी आणि बरोबर खूण आहे. माझं इंजिन तसं गुरगुरत होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

पण माझ्या चेनसॉच्या कॉइलमध्ये आरपीएमची मर्यादा घातलेली होती. इंजिन ठरावीक वेगावर पोहोचलं की कॉइल मधूनमधून ठिणगी तोडते आणि त्याचाही आवाज हुबेहूब तसाच अडखळता येतो. मूळ अवस्थेत इंजिन त्या वेगापर्यंत जातच नव्हतं. पोर्टिंगनंतर ते सहज तिथे पोहोचत होतं. मी ऐकत होतो ती कॉइलची तोड, आणि समजत होतो की पेट्रोल भरपूर आहे.

दोन्ही आवाज वेगळे ओळखायचे असतील तर टॅकोमीटर लावा. हाय स्क्रू थोडा थोडा, एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाइतका उघडत जा. गुरगुर कॉइलच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली, काही शे आरपीएम अलीकडेच सुरू झाली, तर ती पेट्रोलची. आकडा एकाच जागी खिळून राहिला आणि स्क्रू हलवूनही गुरगुर तिथेच येत राहिली, तर ती कॉइलची. मग लाकडात घालून पाहा. पूर्ण रेसवर कापताना आवाज स्वच्छ, सलग हवा, आणि कापताना बार जरासा उचलून भार हलका केला की लगेच गुरगुर यायला हवी. भार कमी केल्यावरही आवाज टोकदार आणि स्वच्छच राहिला तर इंजिन लीन आहे. ज्यांच्या मशीनवर स्वतः जुळवून घेणारा इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर आहे त्यांनीही निश्चिंत राहू नये. त्याची जुळवून घेण्याची हद्द असते आणि मोठ्या पोर्टिंगने ती ओलांडली जाऊ शकते.

हाय जेट दुरुस्त केला. दुसरा पिस्टन बसवला. पहिल्यापेक्षा जास्त टिकला, पण गेला.

दुसरा पिस्टन: गळती शोधली, गळती सापडली, तरी आजार राहिला

दुसऱ्या वेळी स्लो रनिंग नीट नव्हतं, हे मला आठवत होतं. थंड असताना चेनसॉ छान स्लोला बसायचा. गरम झाल्यावर रेस सोडली की वेग लगेच खाली यायचा नाही, क्षणभर वरच रेंगाळायचा. कधी बंद पडायचा, कधी चेन फिरायला लागायची. मी लो स्क्रू आणि आयडल स्क्रू फिरवत राहायचो. आज ठीक केलं की उद्या पुन्हा बिघडलेलं. स्क्रू फिरवून फिरवून एका जागी बसत नसेल तर दोष कार्ब्युरेटरच्या पलीकडे आहे असं समजा.

गळतीची चाचणी अशी करतात. मफलर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर रबराचा तुकडा ठेवून मफलर पुन्हा आवळायचा, इनटेक बंद करायचा, प्लग जागेवर ठेवायचा आणि इम्पल्सच्या नळीतून (पिस्टनखालच्या क्रँककेसचा दाब कार्ब्युरेटरला पोहोचवणाऱ्या) हातपंपाने ०.५ बार दाब द्यायचा. सुई निदान अर्धा मिनिट हलता कामा नये. मग तेवढाच व्हॅक्यूम ओढायचा. दोन्ही चाचण्या करताना फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं, कारण क्रँकचं ऑइल सील एका जागी धरतं आणि दुसऱ्या जागी सोडतं. दाबाची चाचणी पास झाली म्हणून व्हॅक्यूमची टाळू नका. काही सीलची ओठासारखी कड दाबाने शाफ्टला आणखी चिकटते आणि व्हॅक्यूमने उचलली जाते. माझ्याकडे क्लचच्या बाजूचं सील नेमकं असंच निघालं, दाबावर ठाम आणि व्हॅक्यूमवर सैल. दाब असताना साबणाचं पाणी सोडलं की बुडबुड्यांवरून बाकीच्या जागा कळतात: सिलिंडरचा तळ, इनटेकचं रबर, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह, प्लगची बैठक.

गॅस्केटच्या जागी सीलंट लावला असेल तर तो पेट्रोलला टिकणारा हवा. साधा सिलिकॉन काही दिवसांत फुगून सुटतो. थर अगदी पातळ लावा, कारण आत दाबला गेलेला जास्तीचा गोळा सुटून ट्रान्स्फरमध्ये (क्रँककेसमधून मिश्रण वर सिलिंडरमध्ये नेणाऱ्या वाटेत) जातो.

दोन्ही सील बदलली. चाचणी दोन्हीकडून स्वच्छ. तिसरा पिस्टन बसवला आणि वाटलं, संपलं एकदाचं. पहिल्या टाकीनंतर इंजिन थंड होऊ दिलं आणि मफलर काढून एक्झॉस्टमधून पिस्टनकडे पाहिलं. हे आता प्रत्येक टाकीनंतर करायचं असं ठरवलं होतं. स्कर्टवर दोन-तीन बारीक, केसासारख्या रेघा. गरम झाल्यावर स्लो रनिंग अजूनही भटकत होतं.

सगळ्या चाचण्या पास आणि आजार तसाच, अशी वेळ आली की चाचणी काय काय पाहत नाही हे विचारायचं. गळतीच्या चाचणीत मी एक्झॉस्टचं तोंड स्वतःच बंद केलं होतं. म्हणजे गळती एक्झॉस्टमधूनच होत असेल तर ती या चाचणीला कधीच दिसणार नव्हती.

प्रकाशाची कोर

मफलर काढला. कार्ब्युरेटरही काढला. प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवत पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला आणला. पिस्टन वर असताना इनटेक पोर्ट उघडा असतो, म्हणून इनटेकच्या रबरातून टॉर्च मारला की क्रँककेसमध्ये पिस्टनखाली उजेड पडतो. खोलीतला दिवा बंद केला आणि एक्झॉस्टच्या तोंडाला डोळा लावला.

तिथे फक्त स्कर्टची भिंत दिसायला हवी, पूर्ण काळोख. मला पोर्टच्या तळाशी, स्कर्टच्या खालच्या कडेलगत, बीजेच्या चंद्रासारखी एक बारीक पिवळी कोर दिसली. फ्लायव्हील जरा मागे घेतलं की कोर मिटायची, टीडीसीला आणलं की उमटायची. फीलर गेजची ०.३ मिमीची पाती त्यात सरकली.

म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना एक्झॉस्ट थेट क्रँककेसला जोडला जात होता. नेमका तोच क्षण असा की क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम तयार झालेला असतो आणि कार्ब्युरेटरमधून ताजं मिक्श्चर ओढलं जात असतं. त्या ओढीचा थोडा वाटा आता मफलरमधल्या गरम, जळक्या वायूला मिळत होता. ताजं मिक्श्चर कमी, स्लोला ते आणखी बेभरवशाचं, आणि स्कर्टच्या ज्या बाजूला आधीच सगळ्यात जास्त उष्णता असते तिथे खालूनही गरम वायूचा फुंकर. वेगात वेळ कमी मिळतो म्हणून जोर फारसा कमी वाटत नव्हता, स्लोला मात्र गोंधळ. एवढीशी फट चालून जाते असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत आणि काही इंजिनांत चालतही असेल. माझ्यात ती आणि ताणलेलं मिक्श्चर मिळून पिस्टन खात होते.

ही फट आली कुठून

इथे गणित करायला हवं, कारण सगळा धडा त्यातच आहे. मूळ इंजिनात, गॅस्केटसह, टीडीसीला स्कर्ट एक्झॉस्ट पोर्टच्या तळाच्या १.२ मिमी खालपर्यंत येत होता. म्हणजे १.२ मिमीचं झाकण. बीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात खाली असताना, पोर्टचा तळ पिस्टनच्या माथ्यापेक्षा साधारण १ मिमी उंच राहत होता, एक पायरीच. ती पायरी वायूला अडवते म्हणून मी तळ १ मिमी घासून माथ्याच्या पातळीत आणला. झाकण राहिलं ०.२ मिमी. तेव्हा मी मोजलं होतं आणि फट नाही म्हणून समाधानी होतो.

मग स्क्विश, म्हणजे टीडीसीला पिस्टनच्या माथ्याची कड आणि सिलिंडरचं छत यांच्यातलं अंतर, मोजला. सिलिंडर पूर्ण आवळून, प्लगच्या भोकातून १.५ मिमीची सोल्डर वायर भिंतीला टेकेपर्यंत घातली, गजन पिनच्या रेषेत, म्हणजे पिस्टन डुलून आकडा चुकत नाही. इंजिन टीडीसीवरून फिरवलं, वायर काढली, दाबलेलं टोक मोजलं. दोन्ही बाजूंना १.० मिमी. गॅस्केट ०.५ मिमीचं. ते काढलं तर स्क्विश बरोबर ०.५, बहुतेक लोक धरतात त्या ०.५ ते ०.६ मिमीच्या हिशेबात बसणारा. काढून टाकलं. सिलिंडर ०.५ मिमी खाली बसला आणि त्याच्यासोबत एक्झॉस्टचा तळही. ०.२ वजा ०.५, म्हणजे ०.३ मिमीची फट. फीलर गेजने सांगितली तीच.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली आणि ती जास्त लागली. गॅस्केट काढल्यावर तळ आपोआपच ०.५ मिमी खाली येणार होता. पायरी निम्मी तर फुकटच जाणार होती. मी घासलेल्या १ मिमीपैकी अर्धं ॲल्युमिनियम कुठल्याही उपयोगाविना गेलं. घासलेला धातू परत येत नाही.

गॅस्केट काढलं की फक्त स्क्विश बदलतो असं समजू नका. सगळे पोर्ट एकाच वेळी खाली सरकतात आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो. एक्झॉस्टचं आणि ट्रान्स्फरचं छत खाली आलं म्हणून पिस्टन खाली जाताना ते उशिरा उघडतात. माझ्या स्ट्रोकला ०.५ मिमी म्हणजे दोन अंशांच्या आसपास. इनटेकचा हिशेब उलटा आहे. तो स्कर्टच्या खालच्या कडेने उघडतो, म्हणून त्याचा तळ खाली आला की तो लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो. म्हणजे एकही पोर्ट न घासता एक्झॉस्टचा काळ घटला आणि इनटेकचा वाढला. कोणी गॅस्केटसह डिग्री व्हील (क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी चकती) लावून आकडे लिहून ठेवले, त्यावरून पोर्ट घासले आणि नंतर गॅस्केट काढलं, तर त्याचा एकही आकडा खरा उरत नाही.

म्हणून क्रम असा: आधी सोल्डरने स्क्विश मोजून गॅस्केट ठेवायचं, पातळ करायचं की काढायचं हे ठरवा. सिलिंडर त्या अंतिम उंचीवर बसवून आवळा. मगच डिग्री व्हील लावा. एक्झॉस्ट, ट्रान्स्फर, इनटेक कुठे उघडतात ते लिहा. टीडीसीला एक्झॉस्टच्या तळाखाली स्कर्ट किती उरतो तेही लिहा. एवढं झाल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू नका. कामाच्या चेनसॉसाठी मी आता एक्झॉस्ट टीडीसीनंतर १०० ते १०३ अंशांवर, ट्रान्स्फर त्यानंतर २० अंशांनी आणि इनटेक टीडीसीच्या आधी ७८ अंशांच्या जवळपास ठेवतो. हे प्रत्येक इंजिनाला लागू पडतीलच असं नाही, पण या पट्ट्यात राहिलं की खालच्या वेगातला जोर शाबूत राहतो. तळाखाली स्कर्टचं झाकण मी १ मिमीच्या खाली जाऊ देत नाही.

दुरुस्ती

फट सापडल्यावर आधी सोपा उपाय केला. ०.५ मिमीचं गॅस्केट पुन्हा बसवलं. सिलिंडर वर आला, टॉर्चची कोर मिटली, झाकण पुन्हा ०.२ मिमी. पहिल्याच वेळी स्लो रनिंग शांत झालं. गरम असताना रेस सोडली की वेग सरळ खाली. लो स्क्रू एकदा लावला तो तिथेच राहिला. तिसऱ्या पिस्टनवरच्या त्या केसासारख्या रेघा वाढल्या नाहीत. कॉम्प्रेशन थोडं उतरलं आणि लाकडात ते जाणवतंही, पण यंत्र मूळपेक्षा खूप चांगलं आहे. तरी ०.२ मिमी म्हणजे सीलिंग म्हणता येत नाही, कामचलाऊ आहे. जाड गॅस्केट घालून झाकण वाढवता येईल, पण मग स्क्विश इतका वाढतो की सगळी मेहनत वाया जाते. त्याच इंजिनात बसणारा, पिनची उंची तीच आणि एक्झॉस्ट बाजूचा स्कर्ट लांब असलेला पिस्टन मिळाला तर तो खरा इलाज. माझ्या इंजिनाला तो मिळाला नाही.

शेवटी दुसरा सिलिंडर घेतला आणि बरोबर क्रमाने काम केलं. गॅस्केट आधी काढलं, स्क्विश ०.५५ निघाला. एक्झॉस्टच्या तळाला हात लावला नाही, झाकण ०.७ मिमी राहिलं. हे माझ्या १ मिमीच्या नियमापेक्षा कमी आहे, म्हणून आणखी काहीच कमी करायचं नव्हतं. सगळा फायदा छतातून आणि रुंदीतून घेतला. उष्णता बाहेर जावी म्हणून मफलरचं तोंड उघडलं, पण ठिणग्या अडवणारी जाळी जागेवर ठेवली. कोरड्या पाल्यात काम करताना त्या जाळीला पर्याय नाही.

घासताना होणाऱ्या आणखी तीन चुका

एक, रुंदी. मधे दांडी नसलेला एक्झॉस्ट पोर्ट सरळ रेषेत मोजून बोअरच्या ६५ टक्क्यांच्या फार पुढे नेऊ नका. ४६ मिमीला ते ३० मिमीच्या जवळ जातं. मी २९ वर थांबलो. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगते आणि एक दिवस अडकते. दोन्ही बाजूंना स्कर्टची किनारही दीड-दोन मिमी उरायला हवी, नाहीतर पिस्टन मधोमध असताना बाजूने क्रँककेस उघडतं. रिंगची टोकं जिथे खाचेतल्या बारीक पिनला अडकतात ती रेषा कुठल्याही पोर्टवरून जाता कामा नये.

दोन, धार. सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइड किंवा क्रोमचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असा कडक लेप असतो. बर (ग्राइंडरचं घासायचं टोक) नेहमी बोअरकडून पोर्टच्या आत फिरला पाहिजे. उलटा फिरवला तर लेपाची कड उचकटते आणि नंतर पापुद्रा निघतो. पोर्टची प्रत्येक धार शेवटी हाताने, बारीक पेपर गुंडाळलेल्या काडीने मोडा, वर आणि खाली जरा जास्त. नखाचा मागचा भाग बोअरमधून पोर्टवरून ओढून पाहा. नख अडकलं तर रिंगही अडकेल.

तीन, कीस. घासलेला ॲल्युमिनियम ट्रान्स्फरच्या वळणात जाऊन बसतो आणि फुंकर मारून निघत नाही. गरम साबणाच्या पाण्यात बाटलीच्या ब्रशने धुवा, वाळवा, पांढऱ्या कापडावर तेल लावून आतून पुसा. कापडावर करडा डाग उमटतोय तोपर्यंत धुणं संपलेलं नाही. सिलिंडर क्रँककेसवर असताना कधीही घासू नका. काम करताना चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच, लेपाची धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही.

जुन्या सिलिंडरवर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असेल तर तो लगेच मोडीत काढू नका. कापसाच्या काडीने हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या पट्ट्यावर लावलं की बुडबुडे येऊन ॲल्युमिनियम विरघळतं, निकेल-सिलिकॉन कार्बाइडच्या लेपाला सहसा धक्का लागत नाही. क्रोमच्या लेपावर मात्र हे करू नका, ॲसिड क्रोमही खातं. पण पोर्टच्या कडेला किंवा लेप उडालेल्या जागी थेंब गेला तर तो सिलिंडरच खायला लागतो. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. बुडबुडे थांबल्यावर नख फिरवून लेप सलग आहे ना पाहा. खाली मऊ, पांढरट धातू दिसला तर त्या सिलिंडरात नवा पिस्टन घालणं म्हणजे तो घालवणंच.

नव्या सिलिंडरच्या पहिल्या पाच टाक्या मी हाय स्क्रू मुद्दाम जरा रिच ठेवून काढल्या. सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं हलक्या रेसवर गरम होऊ दिलं, काम संपल्यावर थोडा वेळ स्लोला ठेवून बंद केलं. प्रत्येक टाकीनंतर थंड झाल्यावर मफलर काढून टॉर्चने स्कर्ट पाहिला. दहाव्या टाकीनंतर मूळ घासल्याच्या आडव्या बारीक रेषा एक्झॉस्ट बाजूला अजून तशाच होत्या आणि टीडीसीला पोर्टच्या तळाशी पूर्ण काळोख होता. स्क्विश, झाकण आणि तिन्ही पोर्टचे अंश कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.